वाय दाबण्याआधीची तयारी

नवा प्रोसेसर अजून खोक्यातच असू दे. आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आठवतोय का बघा. रोज पिन टाकून आत जायची सवय असते, मूळ पासवर्ड दोन-दोन वर्षं कुणी टाकलेला नसतो. प्रोसेसर बदलल्यावर नेमका तो पिनच रुसतो. म्हणून मोबाइलच्या ब्राउझरवरून एकदा पासवर्ड टाकून खात्यात शिरून बघा.

एवढी घाई त्या काळ्या पडद्यासाठी. एएमडी रायझनच्या मशीनमध्ये प्रोसेसर बदलला की पहिल्याच बूटला बहुतेकदा इंग्रजीत चार-पाच ओळी येतात. नवा सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) बसवलाय, एफटीपीएमची (ही काय चीज ते पुढे सांगतो) नोंद बिघडली किंवा बदलली आहे, रीसेट करायची तर वाय दाबा, जुनी ठेवून पुढे जायचं तर एन. माझ्या भाच्याने रायझन ५ २६०० काढून ५६०० बसवला आणि हे वाचून तो बिचकला. "मामा, वाय दाबलं की मशीन चालूच होणार नाही असं लिहिलंय त्यात." म्हणून त्याने एन दाबला. विंडोज उघडलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओळी. महिनाभर पोरगं रोज एन दाबत होतं. शेवटी व्हॅलोरंट या गेमने टीपीएम बंद आहे म्हणून आत घ्यायचं नाकारलं, तेव्हा कुठे मला फोन आला.

बिघाड काही नव्हताच. टीपीएम ही किल्ल्या, म्हणजे कुलूपबंद डेटा उघडणारे गुप्त आकडे, ठेवायची तिजोरी. रायझनमध्ये ती प्रोसेसरच्या पोटातच चालते, तिलाच एफटीपीएम म्हणतात, आणि तिचा ऐवज मदरबोर्डावरच्या बायोस चिपमध्ये (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा प्रोग्रॅम) कुलूप लावून ठेवलेला असतो. जुन्याने लावलेलं कुलूप नव्याला उघडता येत नाही, म्हणून तो विचारतो. एन म्हणजे जुना ऐवज जपून ठेव आणि नवी तिजोरी उघडूच नकोस. मग प्रश्न सुटलेलाच नसतो आणि पुढच्या वेळी पुन्हा येतो. वाय एकदाच दाबायचा. मात्र वाय दाबला की जुन्या किल्ल्या कायमच्या गेल्या, आणि डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच एन्क्रिप्शनने, कुलूपबंद असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. भाचा घाबरला ते अगदीच चुकीचं नव्हतं.

तेव्हा ही की आदल्या दिवशीच शोधायची. "मी बिटलॉकर कधी लावलंच नाही" यावर विसंबू नका. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने ते आपोआप चालू झालेलं असू शकतं, होम आवृत्तीतही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली बघा. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसतंय का तेही बघा. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर की मिळते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. कागदावर उतरवा आणि दुसऱ्या कुणाला वाचायला लावून ताडून घ्या. सोबतचा की आयडीसुद्धा लिहा. भाच्याच्या खात्यात तीन किल्ल्या निघाल्या, त्यातल्या दोन विकलेल्या लॅपटॉपच्या. विंडोज की मागतं त्या निळ्या पडद्यावर आयडीची सुरुवात दिसते, त्यावरून कोणती चालेल ते कळतं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तरी कागद हवाच. मी तर डिव्हाइस एन्क्रिप्शन काम होईपर्यंत सरळ बंदच करतो. वेळ खातं, पण निवांत झोप लागते. त्यातूनही महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर टाकाव्यात हे काही वेगळं सांगायला नको.

बायोसचं काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकायचं. बोर्डाच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी असते, प्रत्येकासमोर किमान कोणती बायोस आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं. तेवढी किंवा त्यापुढची आवृत्ती फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या. आपल्याकडे ज्या वारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तो वार सोडा. यूपीएस असेल तर उत्तमच. अपडेटने सेटिंग्ज मूळपदावर जातात, म्हणून आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. रॅमचं एक्सएमपी (तिच्या वेगाचं सेटिंग), बूटचा क्रम, पंख्यांचा वेग, नंतर यातलं काही आठवत नाही. आणखी एक, २०२१ च्या सुमारास विंडोज ११ आल्यावर बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये एफटीपीएम आपोआप चालू व्हायला लागलं. त्यामुळे प्रोसेसर न बदलता, नुसत्या अपडेटनंतरही अशाच ओळी दिसल्या तर दचकू नका.

टेबलावर स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामधला लेप), आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना सुती कपडा आणि एक नवा सीआर २०३२ सेल एवढं ठेवा. सेल कशाला ते पुढे येईलच. भाच्याच्या प्रोसेसरसारख्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) प्रोसेसरला १३३१ पिना असतात आणि त्या बोर्डावर नसून प्रोसेसरच्या पायाशी असतात. वाळलेली पेस्ट कूलरला इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो, पिना वाकतात. उपाय सोपा आहे. खोलण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटं राबवा म्हणजे पेस्ट मऊ होते, मग मशीन बंद करून वायर काढा आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवा. नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळला की तो आपल्या वजनानेच खाली बसतो. दाबावा लागला तर थांबा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर सुरुवातीलाच पंख्याची तक्रार येते आणि ती वेगळीच कटकट.

आता मशीन चालू करा, ओळी शेवटपर्यंत वाचा, कागद हातात घ्या आणि वाय दाबा. की मागितली तर द्या, पासवर्डने आत जा, पिन नव्याने करा. मग बायोसमध्ये जाऊन फोटो बघत सेटिंग्ज लावा आणि एफ१० दाबून सेव्ह करूनच बाहेर पडा.

भाच्याचं इथपर्यंत छान झालं. आठवड्याने मात्र दुसरंच सुरू झालं: नवा सीपीयू बसवलाय, एफ१ दाबून सेटअपमध्ये जा. सेव्ह केलं, दिवसभर गप्प. सकाळी पुन्हा तेच. आता एफटीपीएमवर खापर फोडण्यात अर्थ नव्हता. बोर्ड रात्रीतून सगळं विसरत होता, त्यात कोणता प्रोसेसर बसलाय हेही आलं. मी त्याला रात्री बायोसमधलं घड्याळ मोबाइलशी जुळवून ठेवायला सांगितलं. सकाळी ते भलतीच तारीख दाखवत होतं, म्हणजे सेल गेलेला. नवा सेल मल्टीमीटरवर तीन व्होल्टच्या थोडा वर असतो, हा दोनच्या आसपास होता. कारणही घरातच सापडलं. ताई झोपण्याआधी भिंतीवरचं बटण न चुकता बंद करते. बटण चालू असेल तर मशीन बंद असतानाही बोर्डाला पॉवर सप्लायकडून थोडी वीज मिळते आणि सेल वाचतो. बटण बंद केलं की रात्रभर सगळा भार सेलवर.

सेल बहुधा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो, म्हणून कार्ड काढायची तयारी ठेवा. वायर काढून पॉवरचं बटण एकदा दाबा, सेलच्या कडेची पट्टी नखाने सरकवली की तो टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. यानंतर सगळं पुन्हा लावावं लागतं, तेव्हा ते फोटो अजून डिलीट करू नका.

ताईची सवय काही सुटायची नाही, आणि विजांच्या दिवसांत ती फायद्याचीच आहे. पुढचा सेल पाकिटासकट कॅबिनेटच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवून आलोय.