म्हाताऱ्याचा आवाज घशातून काढू नका

मुंबईतल्या एका डबिंग स्टुडिओत मला पहिलं मोठं काम मिळालं ते एका म्हाताऱ्या सरदाराचं. अमळनेरच्या गणेशोत्सवात मी घसा आवळून खरखरीत म्हातारे काढायचो, टाळ्या पडायच्या. तोच माल तिथे उतरवला. २ दिवसांत ४ भाग झाले, दिग्दर्शक खूश. आठवड्याने फोन आला: सहा वाक्यं बदलली आहेत, येऊन जा. गेलो, माइकसमोर उभा राहिलो आणि तो म्हातारा काही सापडेना. एकदा जाड, एकदा नुसताच सर्दी झालेला. तासभर झटापट झाली. शेवटी त्यांनी चारही भाग दुसऱ्याकडून करून घेतले. पैशांचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या गाडीत घसा पार बसला. जळगावच्या डॉक्टरांनी बोलणं बंद करायला लावलं, कुजबुजणंसुद्धा. त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो म्हणाले.

तर नीट ऐका. घसा दाबून काढलेला आवाज सकाळी एक असतो, जेवणानंतर दुसरा. तो पुन्हा हुबेहूब काढता येत नाही, आणि या धंद्यात तर पुन्हापुन्हा तेच काढावं लागतं. वय घशात शोधू नका, श्वासात शोधा. आमच्या गल्लीतले एक तात्या कधी खरखरले नाहीत. त्यांचा श्वास क्रियापदाआधीच संपायचा. "मी काल बाजारात..." इथे थांबायचे, दम घ्यायचे, मग "गेलो होतो." दात नसल्याने स, श सैल पडायचे. एवढंच घ्या. पात्र ठरलं की त्याचं एक वाक्य मोबाइलवर ठेवा आणि प्रत्येक रेकॉर्डिंगआधी ऐका. शिवाय दहा मिनिटं त्या आवाजात बोलून बघा. नंतर स्वतःच्या आवाजात सहज बोलता आलं नाही, तर ते पात्र तिथेच सोडा. पुन्हा सांगतो, सोडा. मी सोडलं नव्हतं.

जुन्या श्रोत्यांना विचारा, आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी त्यांना एका वाक्यात ओळखू यायचे. लकबीवरून, गळा पिळण्यावरून नव्हे.

आपल्या खानदेशातल्या पोरांना दुसरी धास्ती उच्चारांची. पाणीचं 'पानी', काळाचं 'काया' होतं म्हणून घाबरू नका, सहा महिने मोठ्याने पेपर वाचला की सुटतं. पण घरची बोली पुसूनही टाकू नका. मी पुसली, आणि पुढे अहिराणी बोलणारा शेतकरी करायला मिळाला तेव्हा तो पुण्याहून आल्यासारखा बोलला! जळगावचं आकाशवाणी केंद्र १९७६ पासून आहे, नाटकाची स्वरचाचणी, म्हणजे आवाजाची ऑडिशन, आधी तिथे द्या. जाताना संहितेची पिन काढून ठेवा, पान उलटल्याचा आवाज माइक सोडत नाही. आदल्या रात्री शेवभाजी नको.

आणि ते "आठ दिवसांत व्हॉइस आर्टिस्ट"वाले. हजारो रुपये घेऊन जाहिरातीचा एक तुकडा वाचून घेतात, वर तबल्याची थाप. माझ्या मते चोरीच आहे ती. स्टुडिओतला ध्वनिमुद्रक चहा पिताना जे सांगतो ते यांच्या आठ दिवसांच्या वर्गात सापडत नाही. त्याच्याशी आदराने वागा, लगेच शिकवा म्हणू नका.

पैसे उशिरा येतात. मी अजून दुपारपर्यंत भावाच्या बियाण्याच्या दुकानात बसतो, आणि गिऱ्हाइकांचे श्वास मोजतो.