डोप टेस्ट झाली की हिशोब एजन्सीकडूनही मागा: नाशिकच्या रायडर पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

नाशिकला सायकलिंगचं काही नवीन नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली तेव्हापासून तर बऱ्याच घरांत रोड बाइक आली, पंढरपूरच्या सायकल वारीला गर्दी असते, आणि सकाळी त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाकडे गेलात तर पंधरा-सोळा वर्षांची पोरं एकामागे एक लाइन लावून चाललेली दिसतात. यातली काही स्टेट खेळतात, एखादं नॅशनलपर्यंत जातं, आणि तिथे नाडाची (राष्ट्रीय अँटी डोपिंग एजन्सीची) माणसं टेस्टला उभी असू शकतात.

या पोरांना आपण काय सांगतो, तर दुकानातला माणूस देईल ती पावडर खाऊ नको, सर्दीची गोळी घेतानाही चेक कर. बरोबरच आहे, पण ही अर्धीच गोष्ट झाली. नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याला रायडर जबाबदार, ते आत कसं गेलं हा पुढचा प्रश्न. सोळा वर्षांच्या पोराला एवढा कडक नियम लावायचा तर टेस्ट घेणाऱ्यांनी पण त्यांचे नियम तेवढेच कडक पाळायला पाहिजेत, आणि ते पाळले का हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. एक स्पष्ट सांगतो, हे सगळं डोपिंग करणाऱ्यांना वाचवायला नाहीये. जो पोरगा स्वच्छ खेळतो त्यालाच चांगल्या एजन्सीची सगळ्यात जास्त गरज असते.

आधी कोण कोण आहे ते समजून घ्या, नाहीतर तक्रार भलतीकडेच जाते. देशातल्या रेसला सॅम्पल घेते ती नाडा, म्हणजे राष्ट्रीय एजन्सी. यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या इंटरनॅशनल रेसला २०२१ पासून हे काम आयटीए ही इंटरनॅशनल टेस्टिंग एजन्सी बघते, त्याआधी यूसीआयनेच २००८ मध्ये काढलेली सीएडीएफ ही संस्था बघायची. या सगळ्यांच्या वर वाडा, म्हणजे जागतिक अँटी डोपिंग एजन्सी. टेस्टच्या फॉर्मवर टेस्टिंग अथॉरिटी (टेस्ट घेणारी) आणि रिझल्ट मॅनेजमेंट अथॉरिटी (निकाल आणि पुढची केस बघणारी) असे वेगवेगळे रकाने असतात, तिथे कोणाचं नाव आहे ते वाचून ठेवा कारण पुढचा प्रत्येक कागद त्यांच्याच नावाने जाणार. सायकलिंग फेडरेशनला फोन करून उपयोग नाही, टेस्ट त्यांच्या हातात नसते.

आता प्रत्यक्ष टेस्ट. रेस संपली आणि कोणी येऊन सांगितलं की तुझी टेस्ट आहे, तर पहिलं म्हणजे त्याचं ओळखपत्र बघायचं, आणि दुसरं म्हणजे नाही म्हणायचं नाही, काहीही झालं तरी नाही. नकार दिला तर तोच गुन्हा धरतात आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी आहे. बक्षीस घ्यायचं असेल, कूल डाऊन करायचा असेल, सोबतीला माणूस शोधायचा असेल तर थोडा वेळ मागता येतो, त्यांचा माणूस तेवढा वेळ बरोबर राहतो. पोरगं अठराच्या आतलं असेल तर मोठं माणूस सोबत हवंच, म्हणून रेसला जाताना कोण थांबणार हे घरूनच ठरवून निघा, कोच बाकीच्या पोरांमागे पळत असतो.

खोलीत गेल्यावर घाई करायची नाही. टेबलवर सॅम्पलच्या बाटल्यांची सीलबंद किट मांडलेली असतात, किमान तीन असली पाहिजेत, त्यातलं एक रायडरने स्वतः उचलायचं, अधिकाऱ्याने हातात दिलेलं घ्यायचं नाही. खोक्याचं सील शाबूत आहे का बघा, मग खोक्यावरचा नंबर, ए बाटलीवरचा, बी बाटलीवरचा, झाकणांवरचा आणि फॉर्मवरचा, सगळे एकच आहेत का ते मोठ्याने वाचून बघा. लघवी किमान ९० मिली लागते. ती स्वतः ओतायची, झाकणं स्वतः फिरवून लावायची, बाटली उलटी करून गळत नाही ना बघायचं. नंतर अधिकारी उरलेल्या थेंबांवर लघवी किती पातळ आहे ते मोजतो, १.००५ च्या खाली आली तर सहसा परत बसावं लागतं (१५० मिली किंवा जास्त असेल तर १.००३ चालते). म्हणून उन्हातून आलात तरी एकदम दोन लिटर पाणी पिऊ नका, तासन् तास तिथेच अडकाल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. फॉर्मच्या खाली शेरा लिहायची जागा असते. बहुतेक पोरं दमलेली असतात, "ओके" लिहून सही करून पळतात. तसं करू नका. काही खटकलं असेल तर तिथेच, त्याच वेळी लिहा, आणि मोघम नको. "नीट वागले नाहीत" असं लिहून पुढे काहीच हाती लागत नाही. "१२.४० ला सॅम्पल देताना खोलीत दोन अनोळखी माणसं होती, नाव विचारलं तर सांगितलं नाही" असं लिहा. "पहिल्या किटचं सील उघडं होतं, दुसरं मागितल्यावर दिलं" असं लिहा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा पण जागा रिकामी सोडू नका. सहा महिन्यांनी सुनावणीत तुम्ही सांगितलं की सील उघडं होतं तर पहिला प्रश्न हाच येणार की मग तेव्हा का लिहिलं नाही. गेल्या सात दिवसांतली सगळी औषधं, सप्लिमेंट त्याच फॉर्मवर टाका, आईने दिलेला काढासुद्धा. सॅम्पल रिसर्चला वापरायचं का असा वेगळा प्रश्न असतो, त्याला नाही म्हटलं तर काही बिघडत नाही. आपली कॉपी घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही. आत फोटो, व्हिडिओ काढू देत नाहीत, तेव्हा बाहेर आल्या आल्या काय काय झालं ते वेळेसकट लिहून स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेवा, तारीख वेळ आपोआप पडते.

मोठ्या लेव्हलला गेलेल्या पोरांना व्हेअरअबाउट्स, म्हणजे आपण कुठे सापडू ते भरावं लागतं, रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास आणि जागा. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की तोही डोपिंगचा नियमभंगच धरतात. इथे पत्ता लिहिण्यात पोरं फार ढिसाळ. "पाथर्डी फाटा, नाशिक" हा पत्ता नाही. बिल्डिंग, विंग, मजला, बेल चालते का, वॉचमन रात्री कोणाला वर सोडतो का, सगळं लिहा. पण जबाबदारी त्यांची पण आहे. अधिकाऱ्याने पूर्ण एक तास थांबायचं, आणि तुम्हाला शोधायचा खरोखर प्रयत्न करायचा. ब्रिटनची सायकलपटू लिझी आर्मिटस्टेडवर २०१६ ला तीन चुका लागल्या होत्या, त्यातली पहिली स्वीडनच्या हॉटेलमधली होती, ती झोपलेली होती आणि अधिकारी तिच्यापर्यंत पोचलाच नाही. कॅसने म्हणजे लॉझानच्या क्रीडा लवादाने सांगितलं की अधिकाऱ्याने ठरलेली पद्धत पाळली नाही, ती चूक रद्द झाली आणि लिझी रिओ ऑलिम्पिक खेळली. म्हणून चुकल्याचं पत्र आलं की अनसक्सेसफुल अटेम्प्ट रिपोर्ट मागा, किती वाजता आला, किती बेल मारल्या, वॉचमनला काय विचारलं हे त्यात असतं. उत्तर पत्रात दिलेल्या मुदतीच्या आतच द्या, पहिलीच चूक आहे जाऊ दे असं करू नका, तिसरी लागते तेव्हा पहिलीचीच आठवण येते.

पॉझिटिव्ह आलं तर? घाबरून कोणाच्या सांगण्यावरून कबुलीच्या कागदावर लगेच सही करू नका. बी सॅम्पल, म्हणजे राखून ठेवलेली दुसरी बाटली, उघडायला सांगायचा हक्क आहे, तिथे हजर राहायचा हक्क आहे, आणि लॅबचं पूर्ण डॉक्युमेंटेशन पॅकेज मागायचा हक्क आहे. हे पॅकेज काय करू शकतं ते फ्लॉइड लँडिसच्या केसमध्ये बघा. २००६ ची टूर द फ्रान्स जिंकला आणि पॉझिटिव्ह आला. त्याच्या वकिलांनी फ्रान्सच्या लॅबचा कागद न् कागद तपासला, आणि २००७ ला लवादाने मान्य केलं की लॅबची पहिली टेस्टोस्टेरॉन टेस्ट नियमाप्रमाणे झालेली नाही, ती बाजूला काढली. दुसरी, कार्बन आयसोटोपवाली टेस्ट मात्र टिकली आणि बंदी कायम राहिली, पुढे २०१० ला त्याने स्वतःच डोपिंग कबूल केलं. मला ही केस म्हणूनच महत्त्वाची वाटते. रायडर दोषी होता तरी लॅबची चूक ही चूकच होती, आणि ती कागद मागितले म्हणून बाहेर आली. उद्या त्याच लॅबमध्ये निर्दोष पोराची बाटली असेल ना.

आपल्याकडे आधी राष्ट्रीय अँटी डोपिंग शिस्तपालन पॅनेल, मग अपील पॅनेल, इंटरनॅशनल लेव्हलच्या खेळाडूला कॅस. अपिलाची मुदत निर्णयाच्या कागदावर असते, ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

काही जण म्हणतात एवढा संशय कशाला, ती सरकारी माणसं आहेत, बघतील. मग सायकलिंगचा इतिहास बघा. १९९८ चं फेस्टिना टीमचं डोपिंग प्रकरण कस्टमने गाडी अडवली म्हणून उघडलं, टेस्टमधून नाही, आणि त्यानंतर १९९९ ला वाडा उभी राहिली. स्पेनमधली २००६ ची डोपिंगवरची धाड, ऑपरेशन पुएर्तो, पोलिसांनी केली. लान्स आर्मस्ट्राँगचं सॅम्पल १९९९ च्या टूरमध्येच स्टेरॉइडला पॉझिटिव्ह आलं होतं, मागची तारीख टाकलेली प्रिस्क्रिप्शन दिली आणि यूसीआयने ती चालवून घेतली, वर पुढे त्याच्याकडून देणग्या पण घेतल्या. त्याची टूरची सात विजेतेपदं गेली ती २०१२ ला, ते पण अमेरिकेच्या अँटी डोपिंग एजन्सीने, यूसाडाने साक्षीदार उभे केले तेव्हा. २०१५ च्या चौकशी अहवालाने लाच घेतल्याचा पुरावा सापडला नाही म्हटलं पण आर्मस्ट्राँगला झुकतं माप दिलं हे स्वच्छ लिहिलं. ब्रिटनमध्ये एका रायडरच्या सॅम्पलमध्ये नँड्रोलोन या स्टेरॉइडचे अंश दिसल्यावर तिथल्या एजन्सीने ब्रिटिश सायकलिंगलाच स्वतःच्या रायडर्सची खासगी तपासणी करू दिली, हे २०२१ ला वाडाच्या तपासात बाहेर आलं. म्हणजे ज्याची चौकशी त्याच्याच हातात दिली.

आपल्याकडचं पण बघा. दिल्लीच्या एनडीटीएल या डोप टेस्ट लॅबची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ ला थांबवली, परत मिळाली डिसेंबर २०२१ ला, तेवढा काळ सॅम्पल परदेशात जात होते. २०२३ ला वाडाने नाडाच्या कामाची चौकशी केली तर खेळाडूंच्या व्हेअरअबाउट्सची नीट देखरेख होत नव्हती असं निघालं. त्याच वर्षी भारतात ५,६०६ सॅम्पलमधले २१३ पॉझिटिव्ह आले, शेकड्याला जवळजवळ चार, हे मोठ्या देशांत फार वाईट आहे. २०२२ ला आपला अँटी डोपिंग कायदा झाला, २०२५ ला त्यात दुरुस्ती झाली कारण राष्ट्रीय बोर्डाला नाडावर देखरेखीचे अधिकार होते आणि वाडाचं म्हणणं होतं की एजन्सीवर सरकारचा हात नको. बरोबर आहे ते, पण सरकारने बघायचं नाही तर कोणीतरी बघायलाच हवं, आणि माझ्या मते ते आपण.

त्यासाठी आरटीआय, म्हणजे माहितीचा अधिकार. नाडा कायद्याने उभी केलेली संस्था आहे, तिला आरटीआय लागू आहे. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज होतो. यादीत नाडा सापडली नाही तर क्रीडा मंत्रालयाला टाका, कलम ६(३) खाली त्यांना तो योग्य जागी पाठवावा लागतो. कोण्या रायडरचं नाव घेऊन माहिती मागू नका, खासगी माहितीचं कलम ८(१)(j) दाखवून फेटाळतात, आणि ते योग्यच आहे. आकडे मागा, पद्धत मागा. आणि "का" विचारू नका, "किती" आणि "कुठला कागद" विचारा. उदाहरणार्थ असे प्रश्न:

गेल्या आर्थिक वर्षात सायकलिंगमध्ये एकूण किती सॅम्पल घेतले, त्यात रेसच्या वेळचे किती आणि रेसबाहेरचे किती.
त्यातल्या किती सॅम्पलची ईपीओसाठी (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं हार्मोन) तपासणी झाली, आणि किती बायोलॉजिकल पासपोर्टसाठी (खेळाडूच्या रक्ताची वेळोवेळी ठेवलेली नोंद) घेतले.
महाराष्ट्रात सायकलिंगचे किती सॅम्पल घेतले, महिन्यानुसार.
सॅम्पल घेतल्यापासून रिपोर्ट यायला आणि नोटीस जायला सरासरी किती दिवस लागले.
सॅम्पल घेणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध किती तक्रारी आल्या आणि त्यावर काय कारवाई झाली.

ईपीओचा प्रश्न वगळू नका. ईपीओ साध्या लघवी टेस्टच्या यादीत आपोआप येत नाही, वेगळी सांगावी लागते, खर्च वेगळा. रोड सायकलिंगमध्ये ठराविक टक्के सॅम्पलची ती झालीच पाहिजे असं वाडाचं बंधन आहे. नुसते टेस्टचे आकडे फुगवून दाखवता येतात, पण लांब पल्ल्याच्या रायडरच्या सॅम्पलमध्ये ईपीओ बघितलंच नाही तर त्या टेस्टचा काय उपयोग.

३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं किंवा गोलमाल आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच पोर्टलवर, त्याला फी नाही. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

कोच, डॉक्टर किंवा अधिकारीच गडबड करत असेल तर वाडाचं स्पीक अप आणि आयटीएचं रिव्हील अशी तक्रारीची ठिकाणं आहेत, नाव न देता सांगता येतं. खेळाडूला स्वतःच्या केसमध्ये रस्ता कळत नसेल तर वाडाने २०२३ पासून खेळाडूंना मदत करणारा स्वतंत्र ओम्बड्स नेमला, त्याचा सल्ला फुकट आणि गुप्त असतो. आणि आपापल्या ग्रुपमध्ये एकाने तरी आरटीआय टाकून आलेलं उत्तर बाकीच्यांना वाचायला द्या, पुढच्या वर्षी तेच प्रश्न परत टाका, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.