हामानोउराची भातखाचरं बघायची तर

जपानच्या सागा प्रांतातल्या गेनकाई गावात समुद्राच्या कडेला २८३ खाचरं उतरत गेलीत. जायचं एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंतच. तेव्हा लावणीसाठी पाणी भरलेलं असतं आणि मावळतीचा रंग प्रत्येक खाचरात उतरतो. रोपं वाढली की आरसा गेला!

फुकुओकाहून ट्रेनने कारात्सु गाठा, पुढे सरळ गाडी भाड्याने घ्या. बसच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, खाचरं बघायच्या सज्जातली कठड्यालगतची जागा ट्रायपॉडवाले आधीच अडवतात. ढगाळ असेल तर दुसऱ्या दिवशी या.

बांधावर मात्र उतरू नका. दगडी ताली रचून उभी केलेली ती कुणाची तरी चालती शेती आहे. फोटो वरच्या सज्जातूनच छान येतो. स्वेटर घ्या, समुद्रावरचा वारा झोंबतो.