शाळेत पुढे काय टिकेल? अंदाज बांधताना या चुका टाळा

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: एआय आलं, आता आपल्या शाळेचं काय होणार? उत्तर घाईने दिलं की पैसे भलत्याच ठिकाणी जातात आणि भोगावं लागतं मुलांना.

नुसतं यंत्र पाहणं

शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं चित्रपटांतून शिकवलं जाईल, असं थॉमस एडिसनने १९१३ मध्ये सांगितलं होतं. चित्रपट वर्गात आला, पण पुस्तक गेलं नाही. ते दप्तरात मावतं, अडलेलं पान पुन्हा पुन्हा वाचता येतं, हे त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. पेरू देशाने लाखो मुलांना स्वस्त लॅपटॉप दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणितात आणि भाषेत त्याचा काही फायदा दिसला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि शिक्षकांची तयारीही तोकडी होती. म्हणून विक्रेत्याला पहिलाच प्रश्न विचारा: बाईंच्या रोजच्या तासात हे नेमकं कुठे बसणार?

पणजीवरून गोवा ठरवणं

२०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा गोव्यातल्या सांगे-सत्तरी या तालुक्यांकडची मुलं रेंज मिळवायला डोंगर चढत होती. त्याच काळात फळ्याचे दिवस संपले असं छातीठोकपणे सांगणारे लोक होते. शाळा उघडल्या आणि मुलं फळ्यासमोर येऊन बसली. टिकला तो वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, कारण तो पालकांच्या हातात आधीपासून होता आणि त्याला वेगळा खर्च नव्हता. आपल्याकडे अंदाज जून ते सप्टेंबर धरून बांधावा. वीज गेली, छत गळलं, तर तो मोठा डिजिटल फळा चालेल का?

परीक्षा विसरणं

२०१२ च्या सुमारास मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठांना गिळतील असं बोललं जात होतं. नावं नोंदवणारे अफाट, पूर्ण करणारे फार थोडे, आणि त्यांतही आधीच पदवी असलेले बरेच. भारतात २०१७ मध्ये 'स्वयम्' हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. तिथल्या अभ्यासक्रमांचे क्रेडिट पदवीत धरले जातात, त्यामुळे विद्यार्थ्याला ते पूर्ण करायला कारण मिळतं. गुण जिथे मिळतात तिथेच मुलं आणि पालक वेळ घालतात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. घरून लिहून आणलेल्या निबंधाचं वजन तेव्हापासून कमी होत चाललं आहे. वर्गात बसून लिहिणं आणि तोंडी परीक्षा यांचं वाढेल, असं मला वाटतं.

भाषेचा हिशेब न धरणं

ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते. गोव्यात कितीतरी मुलं घरी कोंकणी बोलतात, प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत पडतात. विज्ञान समजलेलं असतं, शब्द सापडत नाहीत, आणि हुशार मूल वर्गात गप्प बसतं. बोललेलं ऐकून समजावणारी साधनं इथे खरोखर उपयोगी पडू शकतात. एआय आपल्या शाळांत कुठे रुजेल तर याच वळणावर, असा माझा अंदाज आहे. पण विकत घेण्याआधी परीक्षा घ्या. चौथीच्या मुलाला त्याच्या नेहमीच्या, कोंकणी शब्द मिसळलेल्या मराठीत प्रश्न विचारू द्या. साधनाने चुकीचं ऐकलं, किंवा न समजताच ठासून उत्तर दिलं, तर खरेदी पुढे ढकला. शहरी, प्रमाण मराठीतल्या प्रात्यक्षिकावर भुलू नका.

अंदाज चुकलाच तर

दोष यंत्राचा की आपल्या गृहीतकाचा, हे शोधायला मुळात गृहीतक लिहिलेलं हवं. खरेदीच्या ठरावातच तारखेसह नोंदवा: हे कोणत्या इयत्तेत, आठवड्यात किती तास वापरलं जाईल आणि काय दिसलं तर आपण थांबू. सत्र संपलं की तीच वही उघडा. वापर झालाच नसेल तर आधी शिक्षकांना विचारा. बऱ्याचदा पासवर्ड एकाच माणसाकडे असतो, किंवा खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. हे त्याच दिवशी सुटतं. वापर झाला आणि तरी मुलांना येत नसेल, तर पुढच्या वर्षाचं नूतनीकरण थांबवा आणि तो पैसा वाचनालयाकडे वळवा.