मुंबईच्या पावसात कुत्र्यासाठी रेनकोट कसा निवडाल?

पेट शॉपमध्ये रेनकोट मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठली ब्रीड?’ लॅब म्हटलं की एक्सएल, पग म्हटलं की एस, आणि गावठी म्हटलं की दुकानदार हवेत हात धरून ‘एवढा का?’ विचारतो. अशा अंदाजाने आणलेला कोट दोनदा वापरून कपाटात जातो. त्यात आपण बाहेरचं पाणी आत येणार नाही ना, एवढंच बघतो. मुंबईच्या पावसात तेवढं पुरत नाही. इथे जुलैत पारा पंचवीस-तिशीच्या आसपास असतो आणि हवा नुसती चिकचिकीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर तो वरून कोरडा आणि आतून वाफेने ओला होतो. त्यामुळे कोट कमीत कमी अंग झाकणारा आणि जास्तीत जास्त हवा खेळू देणारा हवा. हे एकदा मान्य केलं की दुकानातले निम्मे कोट आपोआप बाद होतात.

कोट लागणार आहे का?

सगळ्यांना लागत नाही. रिमझिम पावसात दहा मिनिटांची फेरी मारून येणाऱ्या आखूड केसांच्या देशी कुत्र्याला जुना टॉवेल पुरतो. लॅब्रॅडॉरच्या वरच्या केसांवरून पाणी बरंच ओघळून जातं, पण आतली मऊ लव भिजली की पंख्याखालीही लवकर वाळत नाही. खरी पंचाईत शित्झू, ल्हासा, गोल्डन रिट्रीव्हर अशा लांब केसांच्या मंडळींची. पावसाळ्यात दिवसातून तीनदा भिजायचं आणि कधीच पूर्ण वाळायचं नाही, यातून कातडीला बुरशी, खाज आणि तो घरभर पसरणारा वास सुरू होतो. अशांना कोट घ्याच. म्हातारी, सांधे धरलेली, नुकतंच ऑपरेशन झालेली कुत्री आणि लहान पिल्लं यांनाही घ्या. पग किंवा बुलडॉग चपट्या नाकाचे, त्यांना मुळातच श्वासाला त्रास. त्यांच्यासाठी सगळ्यात हलका कोट निवडा आणि फेरी छोटी ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत स्वेटर घालायचा का, असंही विचारतात. मुंबईच्या थंडीत धडधाकट कुत्र्याला स्वेटर म्हणजे निव्वळ आपली हौस.

माप घ्या, अंदाज नको

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर मोजा. कुत्रा चारही पायांवर सरळ उभा हवा. बसलेल्या कुत्र्याची पाठ वाकते आणि माप चुकतं. एकाने तोंडापुढे बिस्किट धरावं, दुसऱ्याने मोजावं.

तीन मापं लागतात. मानेचा घेर, गळ्यातला पट्टा बसतो तिथे. पाठीची लांबी, मान संपून खांदे सुरू होतात तिथपासून शेपटीच्या बुडापर्यंत. आणि छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे, बरगड्या सगळ्यात रुंद असतात तिथे. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पगची पाठ आखूड आणि छाती पिंपासारखी. डॅशहुंडचं बरोबर उलट. दोघांचं वजन सारखं भरलं तरी एकाचा कोट दुसऱ्याला होणार नाही. म्हणून ऑनलाइन घेताना ‘८ ते १० किलो’ एवढंच लिहिलेल्या कोटाच्या वाटेला जाऊ नका, सेंटिमीटरमध्ये तक्ता दिलेला असेल तोच बघा. दोन साइझच्या मध्ये अडकलात तर छातीला बसणारी साइझ घ्या. पाठीवर दोन बोटं कमी पडली तरी चालतं, पण शेपटीवर कोट आला की कुत्रा दहा पावलांत गोल फिरून तो चावायला लागतो.

कापड आणि शिवण

स्वस्तातले पारदर्शक प्लास्टिकचे कोट फोटोत गोड दिसतात, पण त्यातून वाफ जायला वाव नसतो आणि कडा काखेत काचतात. आतून कोटिंग केलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर, साधारण छत्रीच्या कापडासारखं, हे इथे बरं. पातळ असतं आणि लवकर वाळतं. आत फ्लीस किंवा जाड अस्तर असेल तर तो कोट डोंगरावर राहणाऱ्यांसाठी सोडून द्या. बारीक जाळीचं अस्तर मात्र चांगलं, कारण ओलं कापड अंगाला चिकटत नाही.

कोट उलटा करून बघा. पाठीच्या कण्यावरून शिवण जात असेल आणि तिच्यावर आतून टेप चिकटवलेली नसेल, तर सुईच्या त्या भोकांतून पाणी नेमकं पाठीवर झिरपणार. घरी तपासायचं असेल तर कोट मोरीत हातांवर झोळीसारखा धरा, शिवणीवर मगभर पाणी ओता आणि जरा थांबून खालून हात लावून बघा. गल्लीतल्या शिंप्याकडून कोट आखूड करून घेतलात तर त्याची नवीन शिवण कडेला येऊ द्या, पाठीवर नको.

आकार

मी पाठ झाकणारा, पोटाखाली रुंद पट्ट्याने बंद होणारा, खालून बराचसा उघडा कोट पसंत करतो. चार पायांच्या पँटसकट येणारे सूट मुंबईत नकोत. घालायला दोन माणसं लागतात आणि आत भट्टी होते. डॅशहुंडसारख्या बुटक्यांचं पोट रस्त्यावरच्या पाण्याला लागतं, त्यांच्यापुरता पोटावर कपडा ठीक. पण नर कुत्र्याच्या बाबतीत तो कपडा कुठे संपतो हे नीट बघा, नाहीतर पहिल्याच खांबापाशी कोट भिजेल, तोही पावसाने नव्हे.

टोपी बहुतेक कुत्र्यांना नकोच असते. कान दाबले जातात, बाजूचं दिसत नाही. ती बटणांनी जोडलेली असेल तर टोपीच काढून ठेवा. वेल्क्रो लावायला सोपा, पण लांब केस त्यात अडकतात आणि काढताना उपटले जातात. केसाळ कुत्र्याला प्लास्टिकचं बकल बरं. हार्नेसची, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याची, कडी बाहेर काढायला पाठीवर झाकण असलेली फट हवी. रंग पिवळा किंवा केशरी घ्या, चमकती पट्टी असेल तर उत्तम. पावसाळी संध्याकाळी रिक्षावाल्याला काळ्या कोटातला काळा कुत्रा दिसत नाही.

घरी घालून बघा

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, त्यामुळे सराव मे महिन्यातच सुरू करा. आधी कोट नुसता जमिनीवर ठेवा, हुंगू द्या. मग पाठीवर टाका, बिस्किट भरवा, काढा. बकल लावायची घाई नको. लावल्यावर मान आणि छाती दोन्हीकडे दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. त्याला घरात चालवा, बसवा, एक पायरी चढवा. खांद्यापाशी पाऊल आखूड पडत असेल तर कोट तिथे अडतोय. तो पुतळ्यासारखा गोठून उभा राहिला तर दोन दिवस थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

फिरून आल्यावर

कोट दारातच काढा. तो घालून लिफ्टमध्ये, मग घरात, मग सोफ्यावर, हे नको. पाऊस थांबला तर रस्त्यातही काढून पिशवीत टाका. घरी आल्यावर काखा, मांड्यांच्या सांध्याजवळची जागा, पट्ट्याखालची मान आणि पंजांच्या बोटांमधल्या फटी कोरड्या करा. काखेत लाल ओरखडे किंवा झडलेले केस दिसले तर कोट काचतोय.

गुडघाभर पाण्यात चालताना कोटाचा काहीच उपयोग नाही. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू पायावरच्या छोट्या जखमेतून कुत्र्याच्या अंगात शिरतात. माणसालाही याच पाण्यातून लेप्टो होतो. हिंदमातासारखा भाग तुंबला की फेरी रद्द करून इमारतीच्या आवारातच उरका आणि लेप्टोची लस दरवर्षी घेतली जाते ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ओल्या रस्त्यावर विजेच्या खांबांपासूनही त्याला लांब ठेवा.

कोट साध्या पाण्याने धुऊन गॅलरीत सावलीत उलटा टांगा. कडक साबण, ब्रश आणि इस्त्रीने कोटिंग निघतं. ऑक्टोबरमध्ये उन्हं आली की पूर्ण वाळवून घडी न घालता हँगरवर ठेवा. कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका, कुत्र्याने चघळल्या तर त्या विषारी ठरतात. पिल्लू वर्षाच्या आतलं असेल तर पुढच्या मे महिन्यात टेप पुन्हा काढावीच लागेल, म्हणून पहिल्या वर्षी महागडा कोट घेऊ नका.