पातंजल योगसूत्रे मराठी भाषांतरातून कशी वाचावीत

योगसूत्रांचे मराठी भाषांतर उघडले की पहिली दहा-बारा सूत्रे फार सोपी वाटतात. वृत्ती, निरोध, विकल्प, निद्रा, स्मृती, अभ्यास, वैराग्य, सगळे शब्द घरातलेच. अडचण नेमकी तिथेच आहे. परदेशी वाचकाला यातला प्रत्येक शब्द परका असतो, म्हणून तो थांबून अर्थ शोधतो. मराठी वाचक थांबतच नाही. ‘मराठी अस्मिता’ हे शब्द ऐकत वाढलेला माणूस साधनपादातल्या, म्हणजे चार पादांपैकी दुसऱ्यातल्या, सहाव्या सूत्राशी येतो आणि अस्मिता म्हणजे स्वाभिमान असे धरून पुढे जातो. तिथे अस्मिता हा क्लेश आहे: पाहणारा पुरुष आणि पाहण्याचे साधन असलेली बुद्धी ही दोन एकच आहेत असे भासणे. तेव्हा या अभ्यासात पहिली सवय लावायची ती ओळखीच्या शब्दावर संशय घेण्याची.

प्रत निवडताना

मूळ सूत्र, पदच्छेद, शब्दार्थ आणि विवरण हे चारही भाग वेगवेगळे छापले आहेत का ते आधी पाहा. शब्दार्थ आणि लेखकाचे स्वतःचे चिंतन एकाच परिच्छेदात कालवलेले असेल तर ते पुस्तक वाईट नसेलही, पण पहिल्या वाचनाच्या कामाचे नाही. मग दुकानात उभ्याउभ्या तीन सूत्रे काढून पाहा.

पहिले १.२ (म्हणजे पहिल्या पादातले दुसरे सूत्र), ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’. अर्थात ‘सर्व वृत्तींचा निरोध’ असे छापले असेल, तर ‘सर्व’ हा शब्द भाषांतरकाराच्या पदरचा. व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरचे व्यासांच्या नावाचे जुने भाष्य, इथे मुद्दाम सांगते की सूत्रात ‘सर्व’ शब्द घेतलेला नाही, म्हणूनच संप्रज्ञात समाधीलाही योग म्हणता येते. त्या समाधीत आलंबन, म्हणजे चित्ताला धरायला काही विषय, असते, सगळ्या वृत्ती थांबलेल्या नसतात. एक शब्द वाढवला की समाधीचा एक अख्खा प्रकार योगाच्या बाहेर पडतो.

दुसरे १.९, विकल्पाचे. मराठीत विकल्प म्हणजे पर्याय, किंवा मनात येणारी शंका. इथे विकल्प म्हणजे शब्दांमुळे उभे राहणारे पण मागे वस्तू नसलेले ज्ञान. भाष्यातले उदाहरण चांगले आहे: ‘चैत्राची गाय’ म्हटले की चैत्र (हे माणसाचे नाव) वेगळा आणि गाय वेगळी. पण ‘चैतन्य हे पुरुषाचे स्वरूप’ म्हणताना पुरुष आणि चैतन्य अशा दोन वस्तू नाहीतच. ‘चा-ची-चे’ या प्रत्ययाने त्या दोन झाल्यासारखे वाटते. तुमच्या प्रतीत ‘विकल्प म्हणजे कल्पना’ एवढेच लिहून सोडून दिले असेल, तर इतर अवघड जागीही तसेच झाले असण्याचा संभव आहे.

तिसरे २.९. अभिनिवेश म्हणजे आपल्याकडे भाषणात दिसतो तो आवेश. सूत्रात तो विद्वानालाही न सुटणारा, जगण्याला चिकटून राहण्याचा क्लेश आहे, ‘मी नसावे असे होऊ नये, मी असावेच’ असा.

मराठीत कृष्णाजी केशव कोल्हटकर यांचे ‘भारतीय मानसशास्त्र अथवा सार्थ आणि सविवरण पातंजल योगदर्शन’ हे मोठे पुस्तक आहे. नावातच ‘सविवरण’ असल्याने विवरण खूप. पहिल्या फेरीत सूत्रार्थापुरतेच वाचा. सोबत संस्कृत मूळ हवेच. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०४ साली छापलेल्या खंडात सूत्रे, व्यासभाष्य, त्या भाष्यावरची वाचस्पती मिश्रांची टीका तत्त्ववैशारदी आणि भोजराजाची वृत्ती (इथे वृत्ती म्हणजे सूत्रांवरची छोटी टीका) एकत्र आहेत. संस्कृत जेमतेम येत असेल तरी हा खंड जवळ ठेवा, कारण सूत्रात कोणता शब्द आहे आणि कोणता नाही एवढे तपासायला शाळेतले संस्कृत पुरते. अडल्या शब्दासाठी जनार्दन विनायक ओक यांचा गीर्वाणलघुकोश हाताशी असू द्या. मात्र कोश सर्वसाधारण अर्थ देतो. शास्त्रातला अर्थ भाष्यातूनच काढावा लागतो.

सूत्रक्रमांकांचा घोळ

दोन पुस्तके समोर ठेवली की तिसऱ्या पादात आकडे जुळेनासे होतात. समाधिपादात ५१, साधनपादात ५५, विभूतिपादात ५५ आणि कैवल्यपादात ३४ अशी १९५ सूत्रे प्रचलित आहेत. काही प्रतींत विभूतिपादात ‘एतेन शब्दाद्यन्तर्धानमुक्तम्’ हे वाक्य स्वतंत्र सूत्र म्हणून येते, मग एकूण १९६ होतात आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकतो. सूर्यावरच्या संयमाचे सूत्र त्यामुळे कुठे २६वे, तर कुठे २७वे. चौथ्या पादातले सोळावे सूत्र भोजाच्या पाठात नाही. यावर उपाय साधा: वहीत आकड्याबरोबर सूत्राचे पहिले दोन शब्द लिहायचे.

आधी सांख्य, मग योग

सरळ १.१ पासून सुरुवात करणारे बहुतेक जण १.१६ ला अडखळतात, कारण तिथे ‘पुरुषख्याती’ आणि ‘गुणवैतृष्ण्य’ येते आणि गुण म्हणजे सद्गुण नव्हे हे कोणी सांगितलेले नसते. योगसूत्रे सांख्य दर्शनाची परिभाषा वापरतात, म्हणून आधी त्या दर्शनाचा ग्रंथ, ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका, वाचा. ७२ कारिका आहेत. आठवड्याला सहा घेतल्या तर बारा आठवडे. तिसरी कारिका पाठच करावी: एक मूलप्रकृती, सात प्रकृति-विकृती, सोळा विकार आणि या कशातच न बसणारा पुरुष, मिळून पंचवीस तत्त्वे. अकरा ते तेरा या कारिकांत सत्त्व, रज, तम हे तीन गुण येतात. हे गुण वस्तूला चिकटलेले धर्म नव्हेत, वस्तू घडते तीच त्यांची. मन, अहंकार, बुद्धी हीदेखील प्रकृतीच, म्हणजे जडच, हे एकदा डोक्यात बसले की योगसूत्रातला निम्मा अंधार जातो. योगात या तिघांना मिळून चित्त म्हणतात.

सूत्रांकडे वळल्यावरही छापील क्रम सोडावा. १.१ ते १.१६ वाचा, मग थेट साधनपाद. क्रियायोग, पाच क्लेश, कर्माशय आणि हेय, हेयहेतू, हान, हानोपाय (टाळायचे दुःख, त्याचे कारण, त्याचे जाणे, जाण्याचा उपाय) ही चौकडी तिथे आहे. भाष्यकार तिची तुलना रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध यांच्याशी करतो. ते झाले की १.१७ पासूनचे समाधीचे प्रकार कळू लागतात. नंतर ३.१ ते ३.१५, पुढे चौथा पाद आणि सर्वांत शेवटी उरलेल्या विभूती, म्हणजे सिद्धी. सिद्धींची यादी पहिल्या वाचनात भरभर वाचली तरी नुकसान नाही. सूर्यसंयमाच्या सूत्रावरचे भाष्य सप्तलोकांचे लांबलचक वर्णन करते, ते तर खुशाल बाजूला ठेवा. पण ३.९ ते ३.१५ हे परिणामांचे प्रकरण चुकवू नका. चित्त दर क्षणी बदलते तरी तेच कसे राहते, हा साऱ्या शास्त्राचा सांधा तिथे आहे.

आठवड्याला चार सूत्रे घेतली तर १९५ सूत्रांना सुमारे ४९ आठवडे लागतात. याहून वेगाने जाऊ नये. चौथ्या पादात १४ ते २१ ही सूत्रे मात्र आठवड्याला दोनच घ्या. तिथे बौद्ध विज्ञानवादाशी (बाहेर वस्तू नाहीत, फक्त ज्ञान आहे असे मानणाऱ्या पक्षाशी) वाद चालला आहे आणि प्रतिपक्षाचे नाव सूत्रात नाही, त्यामुळे भाष्याशिवाय एकही सूत्र उलगडत नाही.

एक सूत्र कसे वाचायचे

भाषांतर झाकून ठेवा. आधी संधी सोडवा, मग समास, मग विभक्ती. सूत्रात क्रियापद जवळजवळ नसतेच, ते मागच्या सूत्रावरून किंवा ‘असते’ म्हणून घ्यायचे. ‘तत्’ दिसले की तो कोणाकडे बोट दाखवतो ते नावानिशी लिहा: १.१२ मधल्या ‘तन्निरोधः’ मध्ये तत् म्हणजे वृत्ती. एवढे झाल्यावर भाषांतर उघडा आणि भाषांतरकाराने काय वाढवले, काय गाळले ते लाल शाईने खुणा करून दाखवा.

छोटे शब्द सर्वांत जास्त गाळले जातात. १.३४ ते १.३९ या सहाही सूत्रांत ‘वा’ आहे. प्राणाचे रेचन आणि धारण, किंवा विषयवती प्रवृत्ती, किंवा विशोका ज्योतिष्मती, किंवा वीतरागाचे चित्त, असे ते पर्याय आहेत. ‘वा’ गळाला की पर्यायांच्या पायऱ्या होतात, आणि वाचणारा बिचारा पहिली पायरी जमत नाही म्हणून थांबतो.

दोन भाषांतरे जुळली नाहीत तर कारण शोधा, बहुतेक वेळा ते तीनपैकी एक असते. कधी पाठभेद असतो. २.४७ मध्ये आसन कशाने सिद्ध होते? प्रयत्न सैल करण्याने आणि ‘अनंता’वर चित्त एकरूप करण्याने. वाचस्पती अनंत म्हणजे पृथ्वी पेलणारा शेषनाग घेतात, भोज ‘आनन्त्य’ असा पाठ घेऊन अमर्यादपणा हा अर्थ करतो. कधी समासाचा विग्रह वेगळा असतो.

तिसरे कारण मराठी पुस्तकांत वारंवार भेटते: भाषांतरकार मनाने अद्वैती असतो. मग द्रष्ट्याचे ब्रह्म होते, पुरुषाचा परमात्मा होतो आणि योग म्हणजे जीव-शिवाचे मीलन. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला कुंडलिनीचा पंथराज मनात घोळत असल्यावर असे होणे साहजिक आहे, पण तो नाथपंथी योग. पातंजल शास्त्रात ‘योग’ हा ‘युज् समाधौ’ या धातूचा, जोडण्याचा नव्हे, हे वाचस्पती पहिल्याच सूत्रावर स्पष्ट करतात. भोज तर मंगलाचरणातच गमतीने म्हणतो की पतंजलींच्या वाणीत पुरुष आणि प्रकृती यांच्या वियोगालाच योग म्हटले आहे. अद्वैती अर्थ तपासायला २.२२ काढा. ज्याचे काम झाले त्याच्यापुरते दृश्य संपले तरी इतरांसाठी ते उरतेच, असे ते सूत्र सांगते. पुरुष एकच असेल तर हे ‘इतर’ कोण?

शब्दांची वही

सूत्रांच्या वहीखेरीज शब्दांची वेगळी वही करा. प्रत्येक शब्दाला एक पान: वर मराठीतला रोजचा अर्थ, खाली शास्त्रातला, त्याखाली तो जिथे जिथे आला ती सूत्रे. संयम म्हणजे संयमाने वागणे नव्हे, तर एकाच विषयावर धारणा, ध्यान, समाधी हे तिन्ही (३.४). धारणा म्हणजे ‘माझी अशी धारणा आहे’ मधली धारणा नव्हे, चित्त एका जागी बांधणे. उपसर्ग व्याकरणातला नाही, विघ्न. संस्कार आईबापांनी केलेले नाहीत, वृत्तींनी मागे ठेवलेले. भोग म्हणजे नुसते नशिबी आलेले दुःख नव्हे, त्यात सुखही येते. समाधी म्हणजे आळंदीला जाऊन डोके टेकवतो ती जागा नव्हे. ‘निरोध’चे तर सरकारी जाहिरातींनी काय केले ते सांगायला नको.

‘प्रत्यय’ला दोन पाने ठेवा, तो फसवा आहे. ३.२ मध्ये ‘प्रत्ययैकतानता’ म्हणजे एकाच ज्ञानाचा अखंड ओघ, तर १.१९ च्या ‘भवप्रत्यय’मध्ये प्रत्यय म्हणजे कारण. एकच मराठी शब्द दोन्हीकडे डकवणारे भाषांतर एका ठिकाणी चुकणारच. भाषांतरकाराने दर ठिकाणी वेगळा शब्द घेतला असेल तर उलट तोटा: मुळात तोच शब्द परत आला हे वाचकाला कळत नाही. म्हणून मूळ शब्दाची नोंद आपली आपण ठेवायची.

हठप्रदीपिका याच काळात समांतर वाचू नये. तो सुमारे पंधराव्या शतकातला स्वात्मारामाचा ग्रंथ, नाडी आणि कुंडलिनीच्या भाषेत बोलणारा. लोणावळ्याच्या कैवल्यधामची १९७० ची चिकित्सित आवृत्ती नंतर जरूर घ्या. पतंजलींकडे आसनाला १९५ पैकी तीनच सूत्रे आहेत, २.४६ ते २.४८, आणि तीही बसण्याबद्दल.

४.३४ ला पोचल्यावर ‘स्वरूपप्रतिष्ठा वा चितिशक्तिः’ हे शब्द येतात. तेव्हा वही मागे उलटून १.३ समोर, पहिल्या आठवड्यांत, काय लिहिले होते ते पाहा. बहुतेकांचे असते, ‘मग मन शांत होते’. ते खोडा. त्या सूत्रात मन नाही. तिथे द्रष्टा आहे.