नगरसेविका झालात तरी शिवाजी विद्यापीठ सोडू नका: नातं टिकवायचं कसं

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या ज्या बायका 50 टक्के आरक्षणामुळे पालिकेत, झेडपीत निवडून आल्यात त्यातल्या कितीतरी जणींची डिग्री शिवाजी विद्यापीठाचीच असते, पण दीक्षान्तनंतर त्यांचा विद्यापीठाशी संबंधच उरत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं. 1962 साली हे विद्यापीठ सुरू झालं तेच मुळी इथल्या भागासाठी, मग इथं लोकांची कामं करणारी बाई त्यापासून लांब का राहावी?

पहिलं काम म्हणजे नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव लावून घ्या. विद्यापीठाच्या कारभारावर, बजेटवर चर्चा करणाऱ्या अधिसभेत म्हणजे सिनेटमध्ये अशा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या 10 जागा असतात, त्यातली एक महिलेसाठी राखीव. विद्यापीठाने नोंदणी जाहीर केली की मुदतीत फॉर्म भरायचा, आणि मागच्या वेळी नाव होतं म्हणून निवांत बसू नका, यादी बघून घ्याच. बायकांचं घोडं अडतं ते नावापाशी! डिग्रीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट किंवा गॅझेट आधीच काढून फाईलला लावून ठेवा, शेवटच्या आठवड्यात ते मिळत नाही. मतदान पसंतीक्रमाचं असतं, तिथं 1, 2, 3 असे आकडे लिहायचे, बरोबरची किंवा फुलीची खूण करायची नाही, हे सोबतच्या पोरींनाही सांगा.

सिनेटवर निवडून आलात तर टर्म 5 वर्षांची. वर्षातून निदान दोन बैठका होतात, त्यातली बजेटची अजिबात चुकवू नका, कारण मुलींच्या हॉस्टेलला किती आणि कमवा आणि शिका योजनेला किती हे तिथंच कळतं. प्रश्न तोंडी नको, लेखी द्या, म्हणजे उत्तरही लेखी मिळतं.

आणि निवडून नाही आलात तरी काही बिघडत नाही, खरं काम तर बाहेरच आहे. पंचगंगेचं प्रदूषण घ्या, रंकाळा घ्या, 2019 आणि 2021 चा महापूर घ्या, आपल्याला अभ्यास लागतो आणि तिथल्या पोरांना प्रोजेक्टला विषय लागतो, मग वॉर्डातला प्रश्न एका पानावर लिहून पर्यावरणशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटा, शक्यतो वर्ष सुरू होतानाच, विषय ठरून गेल्यावर जाऊन उपयोग नसतो. एनएसएसचं म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं 7 दिवसांचं शिबिर आपल्या भागात हवं असेल तर कॉलेजच्या प्रोग्राम ऑफिसरला आधीपासून गाठा, आणि पोरं नुसती झाडलोट करून जाऊ नयेत, घरोघरी पाण्याचा नाहीतर शाळागळतीचा सर्व्हे करून घ्या, तो पुढं पालिकेच्या नाहीतर झेडपीच्या सभेत मांडता येतो.

फक्त एक पाळा, विद्यापीठात पक्षाचा बिल्ला लावून जाऊ नका. सरांना, पोरांना मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे, आणि त्यांच्या अभ्यासाच्या अहवालात पालिकेची चूक निघाली तरी तो जसाच्या तसा सभेत ठेवायचा.